महाविद्यालय उघडले, पण परत आले कोण?

आमच्या महाविद्यालयाची स्मरणिका निघायची आहे. ‘टाळेबंदीनंतरचे पुनरागमन’ असा विषय आम्हाला दिला गेला. दोन पाने मजकूर आणि एक फोटो. आम्ही मजकूर लिहून दिला. आठवड्याने तो परत आला. संपादक मंडळातील एक सहकारी, तसे सज्जन गृहस्थ, चहा पाजून म्हणाले, “सर, लेख चांगलाच आहे. पण स्मरणिकेचा सूर वेगळा असतो. जरा पॉझिटिव्ह लिहा ना.” ज्या काळाविषयी लिहायचे होते त्या काळात हा शब्द ऐकला की माणसे घाम पुसत होती, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. आमच्याने काही वेगळा सूर लागेना. म्हणून स्मरणिकेला नको असलेला तो मजकूर थोडा वाढवून आमच्या वाचकांपुढे ठेवत आहोत. आमच्या वाचकांना खरे ऐकायची सवय आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी चार तासांच्या मुदतीवर देश बंद केला. राज्यातील महाविद्यालये त्याच्या आधीच बंद झाली होती. १५ फेब्रुवारी २०२१ ला ती निम्म्या उपस्थितीने उघडली आणि दुसऱ्या लाटेने पुन्हा बंद पडली. खऱ्या अर्थाने दारे उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ ला. त्यानंतर ओमायक्रॉनने जानेवारी २०२२ मध्ये परत काही दिवस कुलूप लागले, पण तो भाग किरकोळ. आमच्या स्मरणात ‘कॉलेज उघडले’ म्हणजे तो ऑक्टोबरचा दिवस.

त्या दिवशी फाटकावर रांगोळी होती. कपाळावर रोखायचे ते तापमानाचे पिस्तूल होते. लसीच्या दोन मात्रांचे प्रमाणपत्र दाखवून मुले आत येत होती. सभागृहात छोटा कार्यक्रम झाला. प्राध्यापकांना गुलाबाचे फूल दिले. कोरोनाने गेलेल्या सहकाऱ्यांची नावे वाचली गेली. दोन प्राध्यापक आणि एक मुख्य लिपिक. दोन मिनिटे सर्वजण उभे राहिलो. फुले वाटणारे, खुर्च्या मांडणारे, माइक लावणारे दाराशी उभे होते, ते तसेच उभे राहिले.

कार्यक्रमानंतर व्हरांड्यात एका शिपायाने आम्हाला गाठले. हळूच म्हणाला, “सर, मावशीचं नाव नाही घेतलं.”

मावशी म्हणजे ठेकेदाराकडची सफाई कामगार. महाविद्यालय बंद होते म्हणजे प्राध्यापक आणि विद्यार्थी येत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. मावशी येत होती. रिकाम्या वर्गांच्या फरशा पुसल्या जात होत्या, औषधाची फवारणी होत होती, कुणी वापरत नसलेली स्वच्छतागृहे धुतली जात होती, कारण ठेक्यात तसे लिहिले होते. एस.टी. बंद होती तेव्हा ती वस्तीवरून चालत यायची. एप्रिल २०२१ मध्ये ती गेली. जिल्हा रुग्णालयाच्या पायऱ्यांवर खाट मिळण्याची वाट पाहताना गेली, असे तिच्या मुलीने नंतर सांगितले. तिच्या जागी ठेकेदाराने आठव्या दिवशी दुसरी बाई पाठवली. महाविद्यालयाच्या दृष्टीने कोणी कमी झालेच नव्हते. मस्टरवर तिचे नाव नव्हते, ठेकेदाराचे होते. मग श्रद्धांजलीच्या यादीत ते येणार कुठून?

आम्ही कोणाकडे बोट दाखवण्याआधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दोन मिनिटांत आम्हीही मान खाली घालून उभे होतो, आणि आम्हालाही मावशीची आठवण आली नाही. शिपायाने सांगितल्यावर आली. तिचे पूर्ण नाव तर आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळले. बारा वर्षे तिच्या हातचा चहा प्यालो आणि ‘मावशी’ या गोड शब्दाखाली तिचे नाव पुरून टाकले. या बाबतीत आमच्यात आणि ज्यांना आम्ही प्रस्थापित म्हणतो त्यांच्यात फरक तो काय राहिला?

आता स्टाफरूमकडे वळू. टाळेबंदीच्या आधी तिथे पाण्याचा एक माठ आणि चार पेले होते. परत आलो तेव्हा माठ गेला होता. ज्याने त्याने आपली बाटली आणायची, डबा आपापल्या टेबलावर खायचा, असा नियम होता. नियम योग्यच होता, साथीचा काळ होता. पण त्यावर जी चर्चा रंगली ती ऐकण्यासारखी होती. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “आपले पूर्वज काही वेडे नव्हते. सोवळे-ओवळे म्हणजे दुसरे काय? सॅनिटायझेशनच की!” दोघे-तिघे हसले. दोघे-तिघे गंभीरपणे मान डोलवू लागले. हे फक्त आमच्याच स्टाफरूममध्ये झाले असे नाही. २०२० च्या मार्चपासून मोबाइलवर हाच शहाणपणा फिरत होता. ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द आपल्या देशात इतक्या सहज रुजला, कारण जमीन तयार होती. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच मार्चमध्ये सांगितले की हा शब्द सोडा, शारीरिक अंतर म्हणा, सामाजिक नाते तोडू नका. आमच्याकडे मात्र फलकांवर, सूचनांत, भाषणांत ‘सामाजिक अंतर’ कायम राहिले.

त्या सहकाऱ्यांना आम्ही एकच विचारले. साबणाने वीस सेकंद हात धुतले की विषाणू जातो. महाराच्या हाताचा विटाळ किती सेकंदांत जात होता? आजारी माणूस चौदा दिवसांनी बरा होऊन पंगतीत बसतो. अस्पृश्याचे चौदा दिवस कधी संपले? सोवळ्याला आजार नको होता असे नाही, त्याला माणूस नको होता. यावर उत्तर आले नाही. “तुम्ही प्रत्येक गोष्ट तिकडे नेता,” एवढे मात्र ऐकायला मिळाले. आम्ही कुठे काही नेत नाही. ती गोष्ट तिथेच असते, आम्ही फक्त दिवा लावतो.

माठावरून आम्हाला जे आठवले ते चळवळीच्या वाचकाला सांगायला नको, पण त्यातला एक धागा आपल्याकडूनही निसटलेला आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पगार महिना ४५० रुपये. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली, हा प्रसंग आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण ते साल कोणते होते? तो इन्फ्लुएन्झाच्या महासाथीचा काळ होता. सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये मुंबईत त्या तापाने थैमान घातले होते. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. स्मशाने अपुरी पडली होती. अशा मृत्यूच्या छायेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला विद्वान महाविद्यालयाच्या पायऱ्या चढला, तेव्हा त्या विद्वानांच्या खोलीत चिंता कशाची होती? तापाची नव्हे, पाण्याच्या भांड्याची! साथ माणसाला काही शिकवते, मृत्यू सर्वांना समान करतो, ही वाक्ये २०२० मध्ये आम्ही पुष्कळ ऐकली. १९१८ चा पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे.

याला दुसरी बाजूही आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रोग्यांची सेवा करताना प्राण सोडला, १० मार्च १८९७ रोजी. अंतर पाळण्याच्या काळात अंतर ओलांडणारी ही देशातली पहिली शिक्षिका. महाविद्यालयातील तिच्या फोटोला आम्ही दर ३ जानेवारीला हार घालतो. तिच्या वाटेने दोन पावले चालायची वेळ आली तेव्हा आम्ही काय केले, हे आता सांगायचे आहे आणि ते सांगणे सोपे नाही.

सिडनहॅममधली बाबासाहेबांची नेमणूकही कायम नव्हती, मुदतीची होती. मार्च १९२० मध्ये ती सोडून ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले. आज अशाच मुदतीच्या नेमणुकीवर आमच्या समाजाची एक अख्खी पिढी उभी आहे. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, ज्यांना सगळे ‘सीएचबी’ म्हणतात. फरक एवढाच की बाबासाहेबांना तेव्हा ४५० रुपयांत पुढच्या शिक्षणासाठी पैसा साठवता आला. यांना एस.टी.चा पासही परवडत नाही.

आमच्या इतिहास विभागात असा एक तरुण होता. जालना जिल्ह्यातला. आई शेतमजूर. घरात पहिला पदवीधर, वस्तीत पहिला पीएच.डी. नेट पहिल्या प्रयत्नात. सात वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवत होता. टाळेबंदीच्या आधी पदवीच्या एका तासाला ५०० रुपये मिळत. आठवड्याला नऊ तासिका धरल्या आणि महिना धड भरला तर अठरा हजार. पण महिना धड कधी भरतो? दिवाळीची सुट्टी, परीक्षा, स्नेहसंमेलन, युवक महोत्सव, निवडणुकीचे प्रशिक्षण, या सगळ्यात तास बुडतो आणि तास बुडला की पैसे बुडतात. मे-जून तर कोरडेच. बिल निघायचे ते वर्षाअखेर, मान्यतेची फाइल फिरून आली की. तरी त्याचा वर्ग भरायचा. सत्यशोधक समाजाचा इतिहास तो असा शिकवायचा की दुसऱ्या विभागाची मुले येऊन मागच्या बाकावर बसत.

मार्च २०२० मध्ये तो गावी गेला. तिथून त्याने ऑनलाइन तास घेतले. गावात नेटवर्क नव्हते, म्हणून पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून. त्या महिन्यांचे पैसे मिळतील की नाही, याचे उत्तर त्याला कुणी दिले नाही.

त्याच मार्चमध्ये आमचा काय प्रश्न होता, तेही ऐका. शासनाने मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत द्यायचे ठरवले. अ आणि ब वर्गाला निम्मा आधी, निम्मा नंतर. पगार कापला नव्हता, लांबवला होता. पण आमच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या आठवड्यात जो आक्रोश झाला तो पुढच्या दोन वर्षांत कशावरही झाला नाही. गृहकर्जाचे हप्ते, मोटारीचे हप्ते, मुलांच्या क्लासची फी. त्या गटात आमचे कायम प्राध्यापक बंधू-भगिनी होते, ‘जयभीम’ने सकाळ सुरू करणारे. निम्म्या पगारासाठी आम्ही निवेदने लिहिली. ज्याला अख्खा पगारच नव्हता त्याच्यासाठी एकही ओळ लिहिली गेली नाही. आमच्या हातूनही नाही.

मग २०२०-२१ चे वर्ष आले. कार्यभाराचे तक्ते भरायचे होते. वरून तोंडी सूचना आली की तुकड्या एकत्र करा. युक्तिवाद बिनतोड होता. एका लिंकवर दोनशे मुले बसतात, मग दोन तुकड्यांना दोन शिक्षक कशाला? ऑनलाइनने वर्गाच्या भिंती पाडल्या असे ज्या चर्चासत्रांत सांगितले जात होते, त्या भिंतीखाली कोण सापडले हे कुणी पाहिले नाही. तुकड्या एकत्र झाल्या, तास निम्म्यावर आले. कायम प्राध्यापकाचा कार्यभार आधी पुरा करायचा असतो, उरले तर तासिकेवाल्याला. उरले चार तास. त्या तक्त्याखाली विभागप्रमुख म्हणून सही कुणाची होती? आमची. प्रस्थापितांची नव्हे, मनुवाद्यांची नव्हे, आमची स्वतःची, निळ्या शाईत.

२० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालय उघडले तेव्हा आम्ही त्याला फोन केला. “जयभीम सर,” तो म्हणाला. आवाज पूर्वीचाच. आम्ही म्हणालो, ये, सुरू झाले. त्याने विचारले, “किती तास आहेत सर?” चार, आम्ही म्हणालो. थोडा वेळ शांतता. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. “चार तासांचे महिन्याला आठ-दहा हजार. तेही मान्यता आल्यावर. खोलीचे भाडेच तीन हजार आहे सर.” मग जणू आमचीच समजूत घालत असल्यासारखा म्हणाला, “मेहुण्याचा छोटा हत्ती चालवतोय. भाजी भरतो. रोजचे रोज मिळतात. आता नको सर.”

टेम्पो चालवण्यात कमीपणा नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत घाम गाळून आम्हाला शिकवले. प्रश्न त्याच्या स्टिअरिंगचा नाही, आमच्या वर्गाचा आहे. त्याच्या जागी फुल्यांवरचे ते प्रकरण आता कसे शिकवले जाते? गाइडमधून. आणि मागच्या बाकावर कोणी येऊन बसत नाही. त्याची पुस्तके अजून विभागाच्या कपाटात आहेत. दोनदा कळवले, न्यायला आला नाही.

अशा तरुणाला कायम पद का मिळाले नाही, याचाही हिशेब मांडू. राज्यात २०१७ पासून नोकरभरतीवर बंधने होती. प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. भरती चालू असतानाच ४ मे २०२० रोजी वित्त विभागाचा शासन निर्णय आला आणि साथीच्या कारणाने सगळी नवी भरती थांबली. २,०८८ पदे तशीच लटकली. त्यांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. दीड वर्ष. कोणाच्या आयुष्यातले दीड वर्ष? जो तिशी ओलांडून पस्तिशीकडे निघाला होता त्याच्या. जाहिरात निघाली तरी मुलाखतीच्या खोलीत पुढे काय चालते, संस्थाचालक कशाची बोली लावतात, हे वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. कायम पद रिकामे ठेवले की बिंदुनामावलीवरचा आपला बिंदूही रिकामा राहतो. आरक्षण रद्द करण्याची गरज पडत नाही, भरती थांबवली की पुरते. साथीने ही सोय विनासायास करून दिली.

विद्यार्थ्यांचे काय झाले? उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात निम्मी बाकेही भरली नव्हती. आम्ही हजेरीपट घेऊन एकेका नावाला फोन लावायला बसलो. एक मुलगा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार झाला होता. एक जण आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता आणि कारखान्याच्या तळावरून बोलत होता. तीन मुलींचे नंबर बंद होते. त्यांच्या मैत्रिणींकडून कळले की तिघींचीही लग्ने टाळेबंदीत, पंचवीस माणसांत, स्वस्तात उरकली. लग्न स्वस्त झाले हा त्या काळातला समाजसुधारणेचा एक मुद्दा म्हणून आपल्याच सभांत सांगितला गेला. त्या स्वस्ताईत कुणाचे बी.ए. गेले हे कुणी मोजले?

ऑनलाइन शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचणार नाही, हे शासनाला आधीच ठाऊक होते. राष्ट्रीय नमुना पाहणीची २०१७-१८ ची आकडेवारी हाताशी होती. ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय, संगणक तर शंभरात चार-पाच घरांत. तरी सगळा कारभार मोबाइलवर ढकलला. १ जून २०२० रोजी केरळात ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात एका दलित मुलीने जीव दिला. नववीत होती. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नव्हता. साक्षर केरळात हे झाले, मग मराठवाड्याच्या वाडीवस्तीवर किती जणी मुक्याने बाहेर पडल्या असतील?

त्यात वसतिगृहे. समाजकल्याणची कितीतरी वसतिगृहे टाळेबंदीत विलगीकरणासाठी घेतली गेली. घेतली ती योग्यच, रोग्यांना जागा हवी होती. पण महाविद्यालये उघडली त्या दिवशी ती रिकामी करून, धुवून, प्रवेश देऊन तयार का नव्हती? मुलगा वर्गात येणार म्हणजे आधी कुठेतरी झोपणार, कुठेतरी जेवणार, एवढे तरी कळायला हवे होते. शिष्यवृत्तीची कथा तीच. २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा साठ टक्के भार केंद्र उचलेल असा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. पण दिल्लीतला निर्णय आमच्या खिडकीपर्यंत पोहोचेस्तोवर मुलाचे सत्र संपते. तोवर कारकून म्हणतो, आधी फी भरा, मग गुणपत्रिका न्या.

एका परतण्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १४ एप्रिल २०२० ची जयंती आपण सर्वांनी घरात साजरी केली. मिरवणूक नाही, डॉल्फी नाही, दारात दिवा आणि हातात पुस्तक. अनेकांनी नंतर सांगितले की इतकी शांत आणि इतकी खरी जयंती पूर्वी झाली नव्हती. त्याच दिवशी, भर टाळेबंदीत, गोव्याच्या व्यवस्थापन संस्थेत शिकवणारे प्राध्यापक आनंद तेलतुंबडे मुंबईत एनआयएपुढे हजर झाले आणि त्यांना अटक झाली. बाहेर आले ते २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागप्रमुख शोमा सेन जून २०१८ पासून तुरुंगात होत्या, त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन एप्रिल २०२४ मध्ये मिळाला. त्यांच्या प्रत्येक मताशी आपण सहमत असावे असे मुळीच नाही, आम्हीही नाही. पण देशभरच्या प्राध्यापकांच्या हाती ‘पुनरागमना’ची फुले दिली जात होती तेव्हा त्यांच्यातलेच काही जण, गुन्हा सिद्ध झालेला नसताना, कोठडीत होते. हेही त्या स्मरणिकेत यायला हवे होते, आणि ते येणार नाही हे आम्हाला लेख देतानाच माहीत होते.

आपल्याकडे अशा वेळी एक ठरलेला शेवट असतो. व्यवस्था, सरकार, मनुवाद यांच्यावर आसूड ओढायचा आणि ‘जयभीम’ करायचे. व्यवस्था दोषी आहे यात शंका नाही. पण १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी ज्यांच्याविषयी दुःख बोलून दाखवले ते व्यवस्थेचे लोक नव्हते, शिकून नोकरीला लागलेले आपलेच लोक होते. ते भाषण आपण दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून केलेले समजून ऐकतो. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या आमच्यासारख्या प्राध्यापकाने ते आरशासमोर उभे राहून वाचावे. दोन वर्षे घरी बसून आमचा पगार आला. एका दिवसाचे वेतन आम्ही मुख्यमंत्री निधीला दिले, ते कापूनच घेतले जाणार होते. त्याच विभागात, त्याच फळ्यावर लिहिणाऱ्या आपल्या माणसासाठी महिना पाचशे रुपयेही आम्ही जमवले नाहीत. वस्तीवर धान्याचे किट वाटले, त्याचे फोटो आहेत. सहकाऱ्याच्या घरी धान्य आहे का, हे विचारायला संकोच वाटला. तो प्राध्यापक ना! त्यालाही सांगायला संकोच वाटला. दोन संकोचांच्या मधून एक शिक्षक निसटला.

टाळेबंदी संपली, पण तिच्यातल्या काही गोष्टी प्रशासनाला आवडल्या आणि त्या राहिल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये अभ्यासक्रमाचा चाळीस टक्के भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना पुढे आणली. त्याआधी २९ जुलै २०२० ला, लोक मुखपट्ट्या बांधून घरात होते तेव्हा, नवे शैक्षणिक धोरण मंत्रिमंडळात मंजूर झाले. संसदेत चर्चा नाही. चाळीस टक्के ऑनलाइन याचा साधा हिशेब असा की दर दहा तासांतले चार तास लिंकवर, आणि लिंकवर तुकड्या एकत्र होतात, हे आम्ही करून बसलो आहोत. म्हणजे आणीबाणीत केलेली ती सही नियम होऊन परत येण्याची वाट खुली आहे. आमचे जे बंधू महाविद्यालयांत, विद्यापीठाच्या अधिसभेत, अभ्यास मंडळांवर बसतात त्यांनी हा हिशेब तिथे मांडावा. तुकडी एकत्र करण्याचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी एकदा फोन उचलून त्या तासिकेवाल्याला विचारावे. आम्ही विचारले नाही.

आणखी एक काम आपल्या हातातले आहे. मार्च २०२० मध्ये आपल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, कंत्राटावर, ठेक्यावर कोण होते आणि ऑक्टोबर २०२१ नंतर त्यांतले कोण परत आले, याची यादी प्रत्येक ठिकाणच्या आपल्या संघटनेने करावी. शासन ही यादी करणार नाही, कारण जे कागदावर कधी नव्हतेच त्यांची अनुपस्थिती त्याला दिसत नाही. जुने वेळापत्रक काढा, शिपायांना विचारा, त्यांना सगळी नावे पाठ असतात. गेलेल्यांच्या घरी जा. मावशीची मुलगी आता नर्सिंगला आहे, तिची फी पाच-सहा जणांनी वाटून घेतली आहे. हे सांगायचे नव्हते, पण अशी विभागणी फार अवघड नसते एवढ्यापुरते सांगितले. खरे तर हे काम एप्रिल २०२१ मध्येच व्हायला हवे होते.

स्मरणिका छपाईला जायला अजून अवधी आहे. आमचा लेख त्यात नसला तरी चालेल. श्रद्धांजलीच्या पानावर चौथे नाव घालावे, मावशीचे, पूर्ण नावाने, घरच्यांच्या संमतीने. आणि माजी अध्यापकांच्या यादीत आमच्या त्या तरुण सहकाऱ्याचे नाव त्याच्या सात वर्षांसह छापावे, असे पत्र आम्ही कार्यालयात दिले आहे. आवक क्रमांक घेतला आहे. उत्तर आले की याच सदरात कळवू.